‘ड्यू कधी धरायचा?’ : मकरपुऱ्यातल्या एका कॅलिब्रेशन लॅबचं प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एक छोटी कॅलिब्रेशन लॅब आहे. सात माणसं, एक शेड आणि आत काचेच्या दारामागे एक वातानुकूलित खोली. कारखान्यांतले प्रेशर गेज आणि तापमापक इथे येतात, मास्टर उपकरणाशी ताडले जातात आणि नवं स्टिकर, नवं सर्टिफिकेट घेऊन परत जातात. लॅबकडे दाब आणि तापमान या दोन विषयांसाठी एनएबीएलची, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, मान्यता आहे.

मालकांना सगळे काका म्हणतात. दांडिया बाजारातलं घर, शिक्षण ‘कलाभवना’त. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेली ती संस्था आता एमएस युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झाली, पण काकांच्या पिढीच्या तोंडी अजून कलाभवनच. एका ट्रान्सफॉर्मर कंपनीच्या टेस्टिंग विभागात वीसेक वर्षं काढून २००४ मध्ये त्यांनी ही लॅब टाकली. २०१९ पासून त्यांची सून कामात आहे. लॅबमध्ये ती ‘ताई’, गुजराती ग्राहकांसाठी ‘बेन’.

मी काकांचा जुना शेजारी. पस्तीस वर्षं एका कंपनीच्या पर्चेस विभागात होतो, म्हणजे विकणाऱ्यांच्या समोरच्या खुर्चीत. निवृत्तीनंतर ओळखीच्या लहान उद्योजकांना जमेल तसा सल्ला देतो. इथला एक सल्ला साफ फसला, तोही पुढे येईल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अडचण

२०२०-२१ चं बिलिंग ८२ लाखांचं होतं आणि त्यातले ४९ लाख एकाच उद्योगसमूहाकडून येत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये त्या समूहानं कळवलं, आम्ही स्वतःची लॅब उभारतोय, १ एप्रिल २०२२ पासून काम आत होईल.

भांडण नाही, तक्रार नाही. तिथल्या प्लांट हेडशी काकांचा पंधरा वर्षांचा घरोबा, त्यांच्या मुलीच्या लग्नात काका पंगतीत वाढायला होते. त्यांनीच फोन करून आधी सांगितलं, सहा-सात महिन्यांची मुदतही मिळवून दिली. संबंध होते तसेच चांगले राहिले आणि काम गेलं. काकांना ते समजून घ्यायलाच महिना लागला.

उरलेले ३७ ग्राहक मिळून ३३ लाख. त्यांची यादी घेऊन आम्ही बसलो तेव्हा कळलं, निम्म्याहून अधिक ठिकाणी गेज नेमका कोण वापरतो, क्वालिटी कोण बघतो, हे लॅबमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. टेम्पोवाला गेज आणायचा, टेम्पोवालाच पोचवायचा. ग्राहक म्हणजे चलनावरचा एक शिक्का.

समोरचे पर्याय

पहिला सोपा होता, दर पाडायचे. शहरातली दुसरी एक लॅब तीस टक्के कमी दरात काम करत होतीच. काका म्हणाले, “एकदा पाडला की पुढच्या वर्षी तोच मूळ दर धरून आणखी पाडायला सांगतात.” मी मान डोलावली. पस्तीस वर्षं मी तेच केलं होतं.

दुसरा, कमिशनवर मार्केटिंगचा माणूस. एक जण भेटूनही गेला. त्यानं पहिल्याच भेटीत विचारलं, “पर्चेसवाल्यांना आपण काय देतो?” ताईनं चहा पाजून वाटेला लावलं.

तिसरा, औद्योगिक प्रदर्शनात स्टॉल. चौथा, ते सकाळी सातचे नाश्ता-क्लब, जिथे दर आठवड्याला प्रत्येक जण मिनिटभर स्वतःची ओळख करून देतो आणि एकमेकांना ग्राहकांच्या चिठ्ठ्या द्यायच्या असतात. पाचवा पर्याय होता आहे त्या ३७ जणांकडे जाणं. तो आम्ही यादीत लिहिलासुद्धा नाही. आपलेच ग्राहक, त्यांच्याकडे जाऊन काय मार्केटिंग करायचं!

स्टॉल आणि नाश्ता

स्टॉलचा सल्ला माझा. भाडं, फलक, पत्रकं धरून तीन दिवसांना १ लाख ४० हजार. व्हिजिटिंग कार्ड टाका, सोडतीत स्मार्ट वॉच जिंका, अशी बरणीही ठेवली. २१२ कार्डं जमली. त्यात इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते, विमा एजंट होते, दुसऱ्या लॅबची चार माणसं होती. पुढे तिघांशी बोलणं झालं आणि एकाकडून नऊ हजारांची ऑर्डर आली. मोठी यंत्रं विकणाऱ्यांना प्रदर्शनाचा उपयोग होतो, यंत्र लोकांना बघायचं असतं. कॅलिब्रेशनमध्ये बघण्यासारखं काय आहे? स्टिकर.

नाश्ता-क्लबमध्ये ताई वर्षभर गेली. मंडळी चांगली, पण इंटिरिअरवाले, केटरर, ट्रॅव्हलवाले. कुणाकडे प्रेशर गेज असलाच तर कुकरची शिट्टी. चिठ्ठी द्यायलाच हवी म्हणून दिलेल्या चिठ्ठ्या यायच्या. “माझ्या मेहुण्याची फॅक्टरी आहे, बोलून बघा.” मेहुण्याला पत्ताच नसायचा.

एक गोष्ट मात्र तिथूनच मिळाली. एक मराठी केटरर तिला म्हणाले, “आमच्याकडं डोहाळजेवणाची ऑर्डर आली की आम्ही वहीत बारशाचा महिना लिहून ठेवतो. मग पहिला वाढदिवस. मुलगा असला तर पुढे मुंज.” ते वेळेआधी दोन महिने फोन करायचे, आणि समोरच्याला वाटायचं, यांनी किती लक्षात ठेवलं! वही दाखवा म्हटल्यावर त्यांनी खरंच दाखवली. मागच्या पंधरा वर्षांची घरं होती तीत.

एक प्रश्न

इथे लॅबच्या धंद्यातली एक बाब सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गेजचा ‘ड्यू’, म्हणजे तो पुन्हा कधी तपासायचा, हे लॅबनं ठरवायचं नसतं. लॅबसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या मानकात स्पष्ट आहे, ग्राहकाशी ठरलेलं असल्याशिवाय सर्टिफिकेटवर पुढच्या कॅलिब्रेशनच्या मुदतीची शिफारस करता येत नाही. मुदत वापरणाऱ्यानं ठरवायची, वापर आणि जोखीम बघून. प्रत्यक्षात बहुतेक कारखाने डोळे झाकून एक वर्ष धरतात आणि क्वालिटी ऑडिटच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करतात. क्वालिटीच्या माणसाची रात्रीची झोप उडते ती त्या आठवड्यात.

केटररची वही आणि हा नियम ताईच्या डोक्यात एकत्र आले. ग्राहकाकडे जाण्याचं खरंखुरं कारण तिला मिळालं. जानेवारी ते जून २०२२ मध्ये ती ३७ पैकी ३१ ठिकाणी गेली. मकरपुऱ्यात, दक्षिणेला पोरकडे, पूर्वेला वाघोडियात, वर सावलीपर्यंत. पत्रक नाही, दरपत्रक नाही. एकच प्रश्न: “तुमच्या गेजचा ड्यू कधी धरायचा?”

वाघोडियातले एक शेठ म्हणाले, “बेन, आ वात कोईए कोई दिवस पूछी ज नथी.” मग त्यांनी तिला स्वतः शॉप फ्लोअरवर नेलं.

फ्लोअरवर गेल्यावर कळायचं, कॉम्प्रेसरवर थरथरत बसलेला गेज आणि कपाटात राहून वर्षातून दोनदा बाहेर येणारा गेज, दोघांनाही एकच मुदत. जुनी सर्टिफिकेटं समोर ठेवून ताई दाखवायची, याचं रीडिंग दर वर्षी सरकतंय, याला सहा महिने ठेवा. हा चार वर्षं जागचा हलला नाही, याला तुम्ही दोन वर्षं धरू शकता, निर्णय तुमचा, कारण लिहून ठेवा.

पहिला खरा निर्णयाचा क्षण हाच. मुदत वाढवायला सांगणं म्हणजे आपलंच बिल कमी करणं. काका दोन दिवस बोलले नाहीत. “आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेस.” हिशोब केला तर ३१ ठिकाणी मिळून साधारण दोन लाखांचं काम कमी होत होतं, आणि तेही समूहाचे ४९ लाख हातातून जात असताना. मी काकांच्या बाजूनं होतो, हे कबूल करतो. ताईचं म्हणणं एवढंच: “सहा महिने करा असं मी सांगते तेव्हा त्यांनी विश्वास का ठेवावा? दोन वर्षं चालेल असंही मी कधीतरी म्हटलेलं असलं पाहिजे ना?”

त्यातून एक ए-थ्री आकाराचा कागद तयार झाला. प्रत्येक ग्राहकाचे सगळे गेज, कोणत्या यंत्रावर, कोणत्या महिन्यात ड्यू. भिंतीवर लावायला. काका दर दिवाळीला साठ डबे सुकामेवा वाटायचे. त्या वर्षी ताईनं तो बंद करून हा कागद दिला. यावरून मात्र खरं रामायण झालं. दोन जुन्या शेठनी काकांना फोन करून विचारलं, “तबियत बराबर छे ने?” पुढच्या वर्षीपासून कागदाबरोबर चिवड्याचं पाकीट जातं, आणि गेटवरच्या वॉचमनला वेगळं. वॉचमनचं काकांनी सुचवलं, आणि टेम्पो गेटवर खोळंबायचा थांबला.

व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना एकदम संदेश पाठवायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. ब्रॉडकास्टचा संदेश ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि सणाच्या शुभेच्छांच्या ढिगात तो वाचतो कोण? ड्यूच्या तीन आठवडे आधी एका माणसाला एक संदेश, गेजच्या नंबरासह.

दिवाळीची कल्पना लॅबमधल्याच एका तंत्रज्ञाची. इथले बरेच कारखाने दिवाळीत बंद होतात आणि लाभपंचमीला मुहूर्त करून उघडतात. एरवी गेज काढायचा तर यंत्र थांबवावं लागतं. मग बंदच्या दिवसांतच काढून द्या, लाभपंचमीला जागेवर मिळतील. यासाठी दोन जणांना दिवाळीत काम करावं लागतं. त्यांना दुप्पट पगार आणि देवदिवाळीनंतर आठ दिवस सुट्टी. पहिल्या वर्षी चार कारखान्यांनी घेतलं, दुसऱ्या वर्षी सतरा.

शनिवारचा कट्टा

नोव्हेंबर २०२२ पासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी लॅबमध्ये क्वालिटीची माणसं जमू लागली. विषय साधे: सर्टिफिकेट वाचायचं कसं, अनिश्चितता म्हणजे चूक नव्हे, ऑडिटर काय विचारतो. मग सेव-उसळ. लॅबसाठी काम मागायचं नाही, एवढाच नियम.

बडोद्यात क्वालिटीतली पोरं दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात. मकरपुऱ्यातला सावलीला जातो, सावलीचा हालोलला. पूर्वी माणूस गेला की लॅबची ओळख तिथेच पुसली जायची. आता तो नव्या ठिकाणी जाऊन पहिल्या महिन्यात फोन करायचा, “ताई, इथे तर काहीच यादी नाहीये.” नव्या ग्राहकांपैकी बहुतेक असे आले. मी पर्चेसमध्ये बसून कंपनीशी कंपनीचा संबंध असतो असं मानत आलो, पण इथे संबंध माणसाच्या टिफिनबरोबर फिरत होता.

सप्टेंबर २०२३

२ सप्टेंबरच्या शनिवारी चौदा जण होते. ताई मास्टर उपकरणाचं सर्टिफिकेट पडद्यावर दाखवत होती. नवा डेडवेट टेस्टर, जूनमध्ये घेतलेला. यात पिस्टनवर ठरावीक वजनं ठेवून दाब तयार करतात. दाब म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण, भागिले पिस्टनचं क्षेत्रफळ.

भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेली एक मुलगी म्हणाली, “यात ‘g’, म्हणजे गुरुत्वत्वरण, ९.८०६६५ लिहिलंय. ते प्रमाण गुरुत्व झालं. बडोद्याचं कमी असेल ना?”

खोली गप्प झाली. विषुववृत्ताकडे सरकावं तसं गुरुत्व कमी होतं. बडोदा साधारण २२.३ अंश उत्तरेला, इथे ते ९.७८८ च्या आसपास. फरक ०.१९ टक्के. वजनांवर १०० बार लिहिलेलं असलं तर इथे प्रत्यक्षात ९९.८१ बार तयार होतो. जुन्या टेस्टरची वजनं बनवणाऱ्यानंच बडोद्याच्या गुरुत्वाला जुळवून दिली होती, त्यामुळे दुरुस्तीची गरज नव्हती. नवा टेस्टर आला आणि हिशोबाची जुनी शीट तशीच वापरली गेली. काकांना फरक माहीत होता. शीट त्यांनी तपासली नव्हती.

ताई म्हणाली, “मला आत्ता माहीत नाही. सोमवारी सांगते.” आणि सेव-उसळ वाढली.

रविवारी आम्ही तिघे बसलो. जूनपासून त्या टेस्टरवर ६३ सर्टिफिकेटं निघाली होती, २९ ग्राहकांची. १ किंवा १.६ टक्के वर्गाच्या, म्हणजे तेवढी चूक चालणाऱ्या, साध्या गेजला ०.१९ नं फारसा फरक पडत नाही. पण ०.२५ टक्के वर्गाचे सात गेज होते, पाच ग्राहकांचे. तिथे ही चूक मोकळीकीचा पाऊण हिस्सा खाऊन टाकत होती.

मानकाप्रमाणे सदोष कामाचा परिणाम तपासायचा आणि गरज असेल तिथे ग्राहकाला कळवून काम परत मागवायचं. गरज कुठे आहे, यावर वाद. काकांचं मत, पाच जणांना सांगावं, बाकीच्यांना उगाच घाबरवू नये. तर्क चुकीचा नव्हता. ताईला सगळ्या २९ जणांना सांगायचं होतं: चौदा जणांनी ऐकलंय, उद्या दुपारपर्यंत ते हालोलला पोचेल, फक्त अर्धवट होऊन.

ठरलं ते असं. सोमवारी सकाळपासून आधी फोन, क्वालिटीच्या माणसाला, ताईनं स्वतः. काय चुकलं, तुमच्या गेजवर परिणाम किती, आम्ही काय करतोय. मग त्याच दिवशी पत्र. सात गेज त्या आठवड्यात स्वतः जाऊन आणायचे, बाकी ५६ सर्टिफिकेटं दुरुस्त हिशोबानं पुन्हा द्यायची. खर्च, प्रवास आणि बुडालेलं काम धरून चाळीसेक हजार.

पहिला फोन करायला ती दहा मिनिटं बसून होती. सातव्या फोनला एक जण हसला, “ताई, आम्हाला शनिवारीच कळलं. तुम्ही फोन करता का तेच बघत होतो.”

परिणाम

२०२२-२३ ला बिलिंग ५६ लाखांवर आलं. तो काळ वाईट होता, काकांनी मुदत ठेव मोडली. २०२३-२४ ला ७० लाख, २०२४-२५ ला ८८. ग्राहक ३८ वरून ११२. सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा वाटा आता १३ टक्के आहे. यातलं कट्ट्यामुळे किती आणि हालोल-सावलीकडे कारखाने वाढल्यामुळे किती, हे वेगळं काढता येत नाही.

चुकीच्या २९ ग्राहकांपैकी २७ राहिले. एकानं दुसरी लॅब धरली ती दरासाठी, असं त्यानं सांगितलं. दुसऱ्याबद्दल पुढे लिहितो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तीन ग्राहकांच्या ऑफिसातल्या फायली गेल्या. लॅबनं मागणी येण्याआधीच त्यांच्या सगळ्या सर्टिफिकेटांच्या प्रती काढून पाठवल्या, फुकट. ए-थ्रीचा कागद करताना सगळं एका जागी आणलेलं होतं म्हणून ते दोन दिवसांत झालं.

वेगळं काय करता आलं असतं

स्टॉलचे पैसे वाचले असते, त्याबद्दल जास्त बोलण्यात अर्थ नाही. समूहाचा वाटा बिलिंगच्या निम्म्यापर्यंत पोचला तेव्हाच, म्हणजे २०१५-१६ च्या सुमाराला, ही ३१ ठिकाणं फिरायला हवी होती. तेव्हा घाई नव्हती आणि घाईत नसलेल्या माणसाला फ्लोअरवर जास्त वेळ उभं राहता येतं.

नवं उपकरण आलं की जुनी शीट बंद, हा नियम आता भिंतीवर आहे. तो आधी असता तर ती सोमवारची सकाळ आलीच नसती.

सगळी वही अजून ताईच्या डोक्यात आणि फोनमध्ये आहे. ती गेल्या वर्षी पंधरा दिवस आजारी होती तेव्हा अकरा ड्यू चुकले. आता एका तंत्रज्ञाला ती भेटींना बरोबर नेते, पण ग्राहक अजून “बेन नथी आव्या?” विचारतात.

आणि मोठी चूक, जी मला तरी दिसायला हवी होती. आमचं सगळं लक्ष क्वालिटीच्या माणसांवर होतं. पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढतो पर्चेसवाला. एका जुन्या ग्राहकाच्या पर्चेस हेडला गुरुत्वाचं पत्र थेट मेलवर गेलं. त्याआधी त्यांच्याच क्वालिटीच्या माणसाला फोन झालेला, ताई आणि तो बोलले होते, गेज निघालेही होते. पर्चेस हेडला कुणी काही सांगितलं नव्हतं. वरच्या साहेबांनी विचारलं तेव्हा तो कोरा. पुढच्या महिन्यात काम बंद. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. आता पहिला फोन क्वालिटीला, दुसरा लगेच पर्चेसला, आणि कट्ट्याला वर्षातून दोनदा पर्चेसवाल्यांनाही बोलावतात.

त्या कंपनीला ताई दर दिवाळीला त्यांच्या जुन्या गेजचा ए-थ्री कागद अजून पाठवते, पर्चेस हेडच्या नावानं. दोन वर्षं उत्तर नव्हतं. गेल्या लाभपंचमीनंतर त्यांचा फोन आला. ते म्हणाले, ओळ क्रमांक नऊ काढून टाका, तो गेज आम्ही भंगारात दिला. आणि फोन ठेवून दिला.

ताईनं ओळ नऊ काढून दुरुस्त कागद त्याच दिवशी पाठवला.